पितळी टाकी गळू लागली की: पद्मिनीच्या रेडिएटरची दुरुस्ती आणि बदली

प्रीमियर पद्मिनीच्या रेडिएटरला दोन टाक्या असतात, एक वर आणि एक खाली. मधे चपट्या नळ्यांची आणि फिनची, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पट्ट्यांची, जाळी. टाक्या पितळेच्या पातळ पत्र्याच्या आणि सगळी जोडणी डाखाची, म्हणजे कथील-शिशाच्या मिश्रणाची. या बांधणीचा मोठा फायदा असा की चाळीस वर्षांनंतरही टाकी उघडता येते, घासता येते आणि नव्याने डाखता येते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमधून ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटची पद्मिनी निघाली. आता ज्या गाड्या धावतात त्या बहुतेक हौसेने सांभाळलेल्या आहेत, आणि त्यांचे मूळ रेडिएटर भंगारात घालण्याआधी एकदा नीट तपासायलाच हवेत.

इथे दिलेली पद्धत पद्मिनी आणि फियाट 1100 डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. अ‍ॅम्बॅसिडरच्या पितळी रेडिएटरलाही ती जशीच्या तशी लागू पडते. फरक पान्यांचा: पद्मिनीला मिलिमीटरचे पाने लागतात, जुन्या अ‍ॅम्बॅसिडरला इंचाचे. इंचाच्या नटावर 13 चा पाना रेटून बसवला की नटाचे कोपरे जातात आणि पाच मिनिटांच्या कामाला तासभर लागतो.

गळती नेमकी कुठून

पाणी रोज कमी होते म्हणजे टाकीच फुटली असे नाही. आधी थंड इंजिनावर, दिवसाउजेडी, टॉर्च घेऊन बघा. टाकी जिथून झिरपते तिथे पाणी वाळून डाग उरतो. कूलंट असेल तर हिरवट पापुद्रा, साधे पाणी असेल तर पांढरा खार किंवा तांबूस गंजाचा ओघळ. हा ओघळ वरपर्यंत शोधत जा. पाणी खालच्या टाकीवरून ठिबकताना दिसते, पण उगम बहुतेक वेळा वर असतो.

वरच्या टाकीत गळतीच्या ठरलेल्या जागा आहेत. सगळ्यात जास्त वेळा टाकीचा कडेचा पत्रा हेडर प्लेटच्या (नळ्यांची टोके ज्यात बसवलेली असतात त्या पत्र्याच्या) चरात जिथे बसतो तो लांब सांधा सुटतो, आणि तोही कोपऱ्यात. त्याखालोखाल वरच्या होजचा तोटा, म्हणजे रबरी होज जिच्यावर चढतो ती आखूड नळी, टाकीला जिथे जोडलेला असतो ती जागा. मग टोपणाचा गळा, ओव्हरफ्लो नळीचे मूळ आणि बाजूच्या पट्ट्या जिथे डाखलेल्या असतात ते टोक. टाकीच्या पत्र्यालाच चीर गेलेली क्वचित दिसते, पण दिसली तर तिची दुरुस्ती वेगळी आहे, ती पुढे येईल.

डाग सापडत नसेल तर दाब देऊन बघा. रेडिएटरचा प्रेशर टेस्टर मिळाला तर उत्तम. टोपणाच्या जागी तो बसवायचा, टोपणावर ठोकलेल्या आकड्याइतकाच दाब द्यायचा आणि दहा मिनिटे काटा बघत बसायचे. काटा उतरला आणि बाहेर कुठेही थेंब नसेल, तर पाणी इंजिनच्या आत जात असण्याची शक्यता धरा. टोपण उघडे ठेवून इंजिन सुरू करा. वरच्या टाकीत बुडबुडे एकसारखे येतच राहिले, किंवा डिपस्टिकवर दुधाळ तेल दिसले, तर हेड गॅसकेट, म्हणजे ब्लॉक आणि हेड यांच्यामधली पातळ चकती, गेले आहे. पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे. एकदा जोरात तापलेली गाडी असेल तर हेड वाकलेले असू शकते. अशा वेळी टाकीला डाख लावून काहीही साधणार नाही, उलट सिलिंडरमधला दाब नव्या डाखाला पुन्हा उचकटेल.

वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकातून येणारे पाणी पंख्याच्या वाऱ्याने मागेपुढे उडते आणि टाकीच गळते आहे असे वाटते. ब्लॉकच्या बाजूचे गोल पत्र्याचे प्लग सडले तरी तसेच होते. हे दोन्ही बघून घ्या, मगच रेडिएटरला हात लावा.

डाख सुटतो तो का

आपोआप कुठलाही सांधा सुटत नाही. कारण तसेच ठेवून केलेली दुरुस्ती फार दिवस टिकत नाही, म्हणून हा भाग वगळू नका.

पहिला संशय टोपणावर. जुन्या पितळी रेडिएटरला कमी दाबाचे टोपण असते. पुढे कधीतरी ते हरवते आणि दुकानातून नव्या गाडीचे 0.9 बारचे, म्हणजे सुमारे 13 पौंडांचे टोपण येते. ते गळ्यावर छान बसते. मग उतारवयातल्या सांध्यांवर जवळजवळ दुप्पट ताण येतो आणि सगळ्यात कच्चा कोपरा आधी सुटतो. दाबामुळे पाणी उशिरा उकळते हे खरे: 0.5 बारला साधारण 111 अंशांवर, 0.9 बारला 118 च्या पुढे. पण निरोगी पद्मिनीला त्या जादा सात अंशांची गरजच नाही. ती गरज भासत असेल तर नळ्या तुंबल्या आहेत.

दुसरी गोष्ट टोपणाच्या खोलीची. गळ्याच्या वरच्या काठापासून आतल्या बैठकीपर्यंतची खोली दोन मापांत येते, ढोबळमानाने 19 आणि 25 मिलिमीटर. खोल गळ्याला आखूड टोपण लावले तर आतला रबर बैठकीला टेकतच नाही आणि दाब धरला जात नाही. आखूड गळ्याला लांब टोपण रेटले तर स्प्रिंग आधीच दबून बसते आणि आकड्यापेक्षा जास्त दाब साठतो. व्हर्नियरने गळा मोजून मगच टोपण घ्या.

तिसरे कारण हादरे. रेडिएटर आणि बॉडी यांच्यामध्ये रबराच्या चकत्या असतात. त्या झिजल्या किंवा एखाद्या कामात परत बसवल्याच नाहीत, की बॉडीचा प्रत्येक पीळ थेट डाखावर येतो. बाजूच्या पट्ट्यांपाशी गळती असेल तर नव्वद टक्के हेच. तोट्यापाशी गळती असेल तर इंजिनची माउंटिंग बघा. माउंटिंगचे रबर बसले की क्लच सोडताना इंजिन झोल खाते आणि वरचा होज तोट्याला दर वेळी हिसका देतो. टाकीत जन्मभर डाख भरत राहिलात तरी तो हिसका थांबणार नाही.

आणि चौथे, पाणी. विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे घातले की नळ्यांच्या तोंडाशी खार साचतो, गाडी तापते, आणि दर तापण्याने डाख थोडा थोडा थकत जातो.

रेडिएटर खाली उतरवणे

इंजिन पूर्ण थंड असू द्या, म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी. गरम रेडिएटरचे टोपण उघडल्याने तोंड आणि हात भाजण्याचे प्रकार नेहमी होतात, आणि जाड फडके धरले तरी वाफ थांबत नाही.

बॅटरीचा निगेटिव्ह काढा. खालच्या टाकीचा ड्रेन कॉक उघडून पाणी स्वच्छ बादलीत घ्या आणि लिटरच्या मापाने मोजून लिहून ठेवा. पुढे कूलंटचा हिशेब करताना हा आकडा लागतो. कॉक अडकला असेल तर पक्कडने पिळू नका, तो ज्यात बसतो तो बॉस, म्हणजे आट्यांचा जाड गोल तुकडा, हाही डाखावरच उभा असतो. त्याऐवजी खालचा होज सोडा. निघालेले कूलंट गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतायचे नाही. त्यातले इथिलीन ग्लायकॉल विषारी असते आणि चवीला गोड, त्यामुळे कुत्री-मांजरे ते चाटतात आणि दगावतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजकडे द्या.

होज काढताना सगळ्यात जास्त नुकसान होते. जुना होज तोट्याला चिकटून बसलेला असतो आणि माणूस तो दोन्ही हातांनी पिळतो. तोटा पातळ पितळेचा, तो होजबरोबर फिरतो आणि मुळाशी चिरतो. क्लिप सोडा, होज एकदा हलकेच हलवून बघा, आणि हलला नाही तर ब्लेडने लांबीच्या दिशेने चिरून सोला. ब्लेड पितळेपर्यंत जोराने दाबू नका. नवा होज तोट्याच्या दुरुस्तीपेक्षा केव्हाही स्वस्त पडतो.

पंखा आणि जाळी यांच्यामध्ये जाड पुठ्ठा सरकवा. बाजूचे बोल्ट काढताना शेवटचा बोल्ट सुटायच्या आधी दुसऱ्याला रेडिएटर धरायला सांगा. रेडिएटर सरळ वर उचला, कलता करू नका. पंख्याच्या पात्याने फिनची एक ओळ चेपली तर ती सरळ करत बसावे लागते. रबराच्या चकत्या आणि वॉशर कुठल्या क्रमाने होते त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

आधी आतली सफाई

तोट्यातून आणि गळ्यातून टॉर्च टाकून नळ्यांची तोंडे बघा. स्वच्छ तांबूस-पिवळी दिसली तर नशीब चांगले. पांढरी किंवा तपकिरी खपली दिसली तर डाखकामाच्या आधी ती काढावी लागते. क्रम उलटा केला तर पंचाईत होते: खार निघाला की त्याच्यामागे लपलेली दुसरी भोके उघडी पडतात आणि ताजे डाखकाम पुन्हा उकरावे लागते.

खालचा तोटा आणि ड्रेन कॉक बंद करून रेडिएटर उभा ठेवा. गरम पाण्यात लिटरला 50 ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे किराणा दुकानातले लिंबूसत्व, विरघळवून काठोकाठ भरा. दोन-तीन तास ठेवा, अधूनमधून हलवा. फेस यायचा थांबला की ओता. पाणी फार घाण निघाले तर पुन्हा एकदा करा. मग पाच लिटर पाण्यात मोठा चमचाभर खाण्याचा सोडा घालून धुवा आणि शेवटी होजपाइपने उलट दिशेने, खालून वर, पाणी सोडा. संडास साफ करायचे अ‍ॅसिड वापरू नका, ते पितळेतले जस्त आणि डाख दोन्ही खाते. कॉस्टिक सोडा तर गाडीवर असलेल्या रेडिएटरमध्ये कधीच घालायचा नाही. अ‍ॅल्युमिनियमचे हेड त्यात विरघळू लागते.

आता वाहण्याची परीक्षा. खालचा तोटा तळहाताने दाबून रेडिएटर भरा आणि हात एकदम काढा. पाणी तोट्याच्या पूर्ण तोंडाने धबकन पडायला हवे. करंगळीएवढी धार रेंगाळत येत असेल तर नळ्या आतून बुजल्या आहेत. मग वरची टाकी पूर्ण उघडून नळ्यांमधून चपटी पट्टी घालावी लागते. रेडिएटरवाले याला रॉडिंग म्हणतात. घरी करायचे हे काम नव्हे, कारण टाकी काढताना आणि परत बसवताना सगळा लांब सांधा एकदम वितळवावा लागतो. कुणी प्रवासात गळती थांबवायला टाकीत हळद घातली असेल तर ती याच नळ्यांत जाऊन बसलेली असते. आडरानात हळदीने घरापर्यंत पोहोचता येते, पण घरी आल्यावर तिला पूर्ण बाहेर काढायलाच हवे.

डाखकाम

साहित्य: तारेचा ब्रश, जुनी कानस, बारीक पॉलिश पेपर, झिंक क्लोराइडचा तयार फ्लक्स (डाख पत्र्याला धरावा म्हणून आधी लावायचे द्रव), डाखाची पट्टी, आणि भरपूर उष्णता साठवणारा सोल्डरिंग आयर्न. रेडिओ दुरुस्तीचा 25 किंवा 60 वॉटचा आयर्न इथे निरुपयोगी आहे. पितळेची टाकी उष्णता इतकी झपाट्याने पसरवते की टोक लावताच थंड होते. निदान 200 वॉटचा, किंवा तांब्याचा जड ठोकळा असलेला, स्टोव्हवर तापवायचा जुन्या पद्धतीचा आयर्न घ्या.

डाख 40 टक्के कथील आणि 60 टक्के शिसे, किंवा 50-50 असा घ्या. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातली 60-40 ची, आत राळ असलेली तार टाळा. ती सुमारे 183 अंशांना वितळते आणि 190 च्या आत पाण्यासारखी पातळ होते, त्यामुळे उभ्या सांध्यावरून ओघळून जाते. 40 टक्के कथिलाचा डाख 183 ते साधारण 238 अंशांच्या पट्ट्यात लोण्यासारखा मऊ राहतो, म्हणून चरात भरता येतो. राळ जुन्या काळ्या पडलेल्या पितळेवर काम करत नाही, तिथे झिंक क्लोराइडच लागते. ते अ‍ॅसिडमध्ये जस्ताचे तुकडे टाकून घरी करण्याची जुनी चाल आहे, पण त्यातून हायड्रोजन निघतो आणि शेजारी ज्योत असेल तर तो पेटतो. तयार बाटली विकत आणा. चष्मा लावा, दार-खिडक्या उघड्या ठेवा, आणि शिशाचे हात साबणाने धुतल्याशिवाय चहाला हात लावू नका.

रेडिएटर कोरडा हवा. आत वाटीभर पाणी राहिले तरी ते उष्णता पिऊन टाकते आणि सांधा 100 अंशांच्या वर जाऊच देत नाही. उन्हात दोन-तीन तास ठेवा किंवा हवा मारा. आणि काम चालू असताना गळा व दोन्ही तोटे उघडे ठेवा. आत अडकलेली हवा तापून फुगते, वितळलेल्या डाखातून बुडबुडा होऊन बाहेर पडते आणि सुईएवढे भोक ठेवून जाते. नवख्याच्या डाखात गळणारी भोके बहुतेक अशीच तयार होतात.

सफाईवर सगळे अवलंबून आहे. गळणाऱ्या जागेच्या दोन्ही बाजूंना तीन सेंटीमीटरपर्यंत रंग, खार आणि जुना राखाडी डाख काढा. जुना डाख आयर्नने वितळवून कोरड्या सुती फडक्याने एका झटक्यात पुसला की निघतो. चराच्या तळापर्यंत कानशीच्या कोपऱ्याने खरवडा. पितळ सोन्यासारखे पिवळे चमकेपर्यंत थांबू नका. एखादा काळा ठिपका राहिला तर डाख त्याच्यावरून नुसता घरंगळतो, धरत नाही. आधी कुणी एपॉक्सी पुटी लावलेली असेल तर तिचा कणही राहू देऊ नका. पुटी आणि पितळ तापल्यावर वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, म्हणून ती काही आठवड्यांत सुटते, आणि खाली तेलकट थर ठेवून जाते.

मग फ्लक्स लावा आणि कल्हई करा, म्हणजे सांध्याच्या दोन्ही पत्र्यांवर डाखाचा पातळ चकचकीत थर बसवा. आयर्नचे टोक नवसागराच्या वडीवर घासून आधी तेही कल्हईदार करून घ्या. रेडिएटर असा टेकवा की गळणारा चर वर आणि आडवा येईल. आयर्न पत्र्यावर सपाट टेकवून धरा, टोकाने टोचू नका. पत्रा तापला की डाखाची पट्टी पत्र्याला लावा, आयर्नला नव्हे. पत्र्याच्या उष्णतेने डाख स्वतःहून चरात ओढला जातो तेव्हाच तो खरा धरतो. आयर्नवर वितळवून थेंब थेंब टाकलेला डाख वरून गोळा दिसतो आणि खाली मोकळाच राहतो. हळूहळू सरका, सरकताना मागचा भाग चमकदार ओला दिसत राहिला पाहिजे.

डाख गोठेपर्यंत रेडिएटर हलता कामा नये. गोठल्यावर गुळगुळीत आणि चकचकीत दिसला तर ठीक. दाणेदार, मळकट दिसला तर तो गोठताना हलला आहे किंवा पत्रा पुरेसा तापलेला नव्हता. तिथे पुन्हा फ्लक्स लावून वितळवा.

गळा किंवा तोटा पूर्ण सुटला असेल तर आयर्नची उष्णता पुरत नाही, ब्लो टॉर्च लागतो. ज्योत मऊ ठेवा, सतत फिरवत राहा, आणि हेडर प्लेटच्या लांब सांध्यावर व ओव्हरफ्लो नळीच्या मुळाशी ओली फडकी गुंडाळा. असे केले नाही तर एक सांधा जोडताना शेजारचे दोन उघडतात.

पत्र्यालाच चीर असेल तर नुसता डाख भरून चालत नाही. डाखात ताण सहन करण्याची ताकद फार कमी, महिन्याभरात चीर त्यातून पुन्हा डोकावते. चिरेच्या दोन्ही टोकांना दीड-दोन मिलिमीटरचे भोक पाडा, म्हणजे ती पुढे धावणार नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या पितळेच्या पत्र्याचे ठिगळ कापा, चिरेच्या चहूबाजूंनी 10-12 मिलिमीटर पुढे जाईल एवढे, आणि त्याचे कोपरे गोल करा. ठिगळाच्या आतल्या बाजूला आणि टाकीला वेगवेगळी कल्हई करा, मग ठिगळ जागेवर दाबून वरून तापवा. चारी कडांनी डाखाची बारीक रेघ बाहेर दिसली की मधे सगळीकडे धरले असे समजा.

काम झाल्यावर गरम पाणी आणि सोड्याने आतून-बाहेरून धुवा. फ्लक्स राहिला तर थोड्याच दिवसांत सांध्यावर हिरवी बुरशी दिसते, आणि ती तुमच्याच नव्या कामाला खाते.

पाण्यात बुडवून तपासणी

एक तोटा लाकडी बुचाने आणि जुन्या होजच्या तुकड्याने क्लिप लावून बंद करा. दुसऱ्या तोट्याच्या बुचात सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह बसवा. गळ्यावर गाडीचे टोपण, आणि ओव्हरफ्लो नळीचे तोंड बंद. रेडिएटर मोठ्या टबात बुडवा आणि काट्याच्या पायपंपाने हवा भरा. 7 पौंडांचे टोपण असेल तर 7 पौंडच. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरची नळी थेट लावायची नाही. तिथला दाब शंभर पौंडांच्या वर असतो आणि पितळी टाकी फुग्यासारखी फुगते.

सुरुवातीला फिनमध्ये अडकलेली हवा सुटते, ती संपेपर्यंत थांबा. मग पाच मिनिटे शांतपणे बघा. एकाच जागेतून ठरावीक अंतराने येणारा बुडबुडा म्हणजे भोक. खिळ्याने ओरखडून खूण करा, पाणी ओता, पूर्ण वाळवा, पुन्हा डाखा. बुडबुडा नळ्यांच्या मधल्या भागातून येत असेल तर फिन बाजूला सारून ती नळी बाहेरून डाखता येते, किंवा दोन्ही टोकांना बंद करता येते. एक-दोन नळ्या बंद झाल्याने फरक जाणवत नाही.

रंग लगेच देऊ नका. गाडी निदान शंभर किलोमीटर चालल्यावर काळ्या मॅट रंगाचा एकच पातळ हात द्या, आणि तोही टाक्यांनाच. फिनवर एनॅमलचा जाड थर बसला की उष्णता बाहेर पडायला अडते.

बदलायचे केव्हा

नखाने दाबताच फिनची भुकटी पडत असेल, नळ्या हेडर प्लेटच्या मुळाशी सडल्या असतील, किंवा टाकीवर आधीच तीन-चार ठिगळे असतील, तर डाखकामात वेळ घालवू नका.

सगळ्यात चांगला पर्याय रीकोअरिंग: मूळ वरची-खालची टाकी आणि बाजूच्या पट्ट्या ठेवायच्या, मधली जाळी नवी बसवून घ्यायची. बॉनेट उघडल्यावर गाडी जशी होती तशीच दिसते आणि प्रत्येक बोल्ट जागच्या जागी बसतो. रेडिएटरवाल्याला जाळीची उंची, रुंदी, जाडी आणि नळ्यांच्या ओळी किती हे स्पष्ट सांगा. दोनऐवजी तीन ओळींची जाळी बसते का हेही विचारा, फक्त जाडी वाढली तर पंख्याचे अंतर कमी होते हे ध्यानात ठेवून.

जुना रेडिएटर शोधायचा असेल तर मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि पुण्यात नाना पेठ या सुट्या भागांच्या नेहमीच्या जागा. पैसे देण्यापूर्वी वर सांगितलेली वाहण्याची परीक्षा दुकानातच करा. नव्याने काळा रंग मारलेला रेडिएटर दिसला तर रंगाखाली काय आहे ते खरवडून बघा.

तयार अ‍ॅल्युमिनियमचे रेडिएटर हलके असतात, पण त्यांना डाख धरत नाही, आणि तोट्यांची जागा थोडी जरी हुकली तरी होज तिरका ओढला जातो. रेडिएटरबाहेरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीचा मुद्दा वेगळा. मारुती 800 च्या काळापासून पुढच्या गाड्यांत पाण्याची प्लॅस्टिकची बाटली असते, आणि ती तडकली की गोंद, पुटी, गरम खिळा यांपैकी कशानेही टिकाऊ दुरुस्ती होत नाही. ती सरळ बदला.

परत बसवणे आणि कूलंट भरणे

रबराच्या चकत्या नव्या घाला. बोल्ट आवळताना रबर थोडे दबले की थांबा, पार चेपवले तर ते नसल्यासारखेच. होज तोट्यावर चढवण्याआधी आतून साबणाच्या पाण्याचा हात फिरवा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका, रबर फुगते. क्लिप तोट्याच्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे, आणि पातळ पितळ दबेल इतकी आवळू नका. पंखा हाताने पूर्ण फिरवून जाळीला कुठे लागत नाही ना ते बघा.

कूलंट तांबे, पितळ आणि डाखाला चालेल असे डब्यावर लिहिलेले घ्या. जुन्या पद्धतीचे हिरवे बहुधा योग्य ठरते. महाराष्ट्रात पाणी गोठण्याची भीती नाही, कूलंट हवे ते गंज थांबवण्यासाठी. एक भाग कूलंट, दोन भाग डिस्टिल्ड वॉटर हे प्रमाण पुरते. पावभागापेक्षा कमी घातले तर गंजरोधक अपुरे पडतात, निम्म्यापेक्षा जास्त घातले तर मिश्रण उष्णता कमी वाहून नेते.

इथे एक चूक हमखास होते. ब्लॉक साध्या पाण्याने धुतल्यावर त्यातले सगळे पाणी कॉकमधून निघत नाही. वरून तयार मिश्रण ओतले की ते आतल्या पाण्याने आणखी पातळ होते. म्हणून आधी घट्ट कूलंटच घाला, मग डिस्टिल्ड वॉटरने पातळी आणा. समजा सगळ्या यंत्रणेची क्षमता सहा लिटर असेल, तर आधी दोन लिटर कूलंट. तुम्ही सुरुवातीला मोजलेला आकडा क्षमतेपेक्षा कमीच असेल, कारण गळतीने पाणी आधीच कमी झाले होते आणि ब्लॉकमधले काही आतच राहिले होते.

सावकाश ओता, वरचा होज हाताने दाबत राहा म्हणजे हवा निघेल. टोपण न लावता इंजिन मंद चालू द्या. साधारण 80 अंशांपुढे थर्मोस्टॅट उघडतो, वरचा होज एकदम गरम होतो आणि पातळी झपकन खाली जाते. तेव्हा पुन्हा भरा. थर्मोस्टॅट कुणी काढून टाकलेला असेल तर बसवा. त्याच्याविना इंजिन तापायला फार वेळ घेते, पेट्रोल जास्त खाते आणि तेलात चिकट गाळ धरतो. नवा बसवण्याआधी पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटर ठेवून तो कधी उघडतो ते तपासा.

ओव्हरफ्लो नळी रस्त्यावर मोकळी सोडलेली असेल तर टाकी काठोकाठ भरू नका. नळ्यांची तोंडे बुडतील आणि गळ्याखाली दोन-तीन सेंटीमीटर जागा राहील एवढेच भरा. पाणी तापून फुगते, जादाचे नळीतून बाहेर पडते, आणि मालक समजतो की टाकी पुन्हा गळली. हे टाळायचे असेल तर एक लिटरची बाटली बसवता येते. ओव्हरफ्लोची नळी बाटलीच्या तळापर्यंत बुडवा आणि दोन रबरांचे, परतीचा वॉल्व्ह असलेले टोपण घ्या. मात्र गळ्याचा वरचा काठ सपाट हवा. तो ठोके खाऊन वाकला असेल तर वरचा रबर हवा धरत नाही आणि थंड होताना बाटलीतले पाणी परत येण्याऐवजी बाहेरची हवा आत जाते.

पहिल्यांदा दहा-पंधरा किलोमीटर चालवा, काट्यावर लक्ष ठेवा, आणि रात्रभर थंड झाल्यावर पातळी बघा. पहिल्या दिवशी अर्धा कप कमी भरणे साहजिक आहे, ती अडकलेली हवा असते. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी पातळी हलता कामा नये. शंभर किलोमीटरनंतर कोरडा टिश्यू पेपर नव्या सांध्यावरून फिरवा, हिरवी ओल लगेच उमटते. त्याच वेळी क्लिप एकदा पुन्हा आवळा, कारण नवा रबर तापून बसतो. कूलंट दर दोन वर्षांनी बदला आणि तारीख टोपणाजवळ छोट्या चिठ्ठीवर लिहून चिकटवा.